जुने अवजार ठेवावे की काढावे?

तिजोरीच्या कुलपाचा आकडा पोस्टकार्डावर लिहून कोणी पाठवील काय? १९६९ मध्ये अमेरिकेत जन्मलेली ‘टेलनेट’ ही आज्ञावली मूळ रूपात असेच काहीसे करते. दूरच्या संगणकावर काम करताना आपला परवलीचा शब्द ती उघडाच धाडते; वाटेत तो कोणालाही वाचता येतो. १९९५ मध्ये फिनलंडच्या तातू इलोनेन यांनी ‘एसएसएच’ तयार केली. ती सारा मजकूर कूटलिपीत पाठवते.

मग टेलनेट टाकूनच द्यावी काय? थांबा! तिचे दोन भाग आहेत. एक भाग आपल्या संगणकाचे दार बाहेरच्यांसाठी उघडे ठेवतो. दुसरा आपल्याला इतरांच्या दारी नेतो. तो आपण वापरला तरच चालतो. शिवाय काही जुन्या यंत्रांना टेलनेटचीच भाषा कळते. म्हणून ‘फ्रीबीएसडी’ या कार्यप्रणालीच्या २०२३ मधील १४.० आवृत्तीतून पहिला भाग वगळला, दुसरा ठेवला. ॲपलने मात्र २०१७ मध्ये ‘हाय सिएरा’तून दुसराही काढला, जुनी यंत्रे सांभाळणाऱ्यांना तो वेगळा मिळवावा लागला.

तेव्हा अवजार किती जुने, एवढेच पाहून भागत नाही. त्याने धोका कोणाला आणि त्यावाचून अडते कोणाचे, हे दोन्ही तपासावे लागते. तुम्ही काय ठरवले असते?