जुनं पॅकिंग पुन्हा नको

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड कुठल्याही कारणाने उतरवलं, की जोडताना गॅरेजमध्ये हमखास विचारतात, "साहेब, पॅकिंग चांगलं दिसतंय, तेच लावू?" माझं उत्तर ठरलेलं आहे. नाही!

हे पॅकिंग, म्हणजे गॅस्केट, आवळलं की चेपतं आणि मॅनिफोल्ड व इंजिनचं हेड यांच्यातल्या बारीक खाचा भरून काढतं. एकदा चेपलेलं गॅस्केट दुसऱ्यांदा तसं बसत नाही, फट राहते. सकाळी इंजिन थंड असताना टकटक ऐकू येते, तापल्यावर धातू प्रसरण पावून ती कमी होते आणि आपण निर्धास्त होतो. पण गळणाऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना रंग, ना वास. आणि तो गाडीच्या आत शिरू शकतो.

नवं लावण्यापूर्वी जुन्याचे तुकडे खरवडावेत. हेड ॲल्युमिनियमचं असेल तर जपून, ओरखडा पडता कामा नये. मॅनिफोल्ड वाकलंय का, तेही सरळ पट्टी धरून पाहावं. वाकलेलं असेल तर नवं गॅस्केटही टिकणार नाही. नट मधून कडेकडे, दोन-तीन फेऱ्यांत, कंपनीने दिलेल्या मापानेच आवळावेत.

मजुरी तेवढीच पडते. तेव्हा सायलेन्सरच्या पाइपाकडचं पॅकिंगही त्याच वेळी बदलून घ्या.