गल्लीतल्या खोलीतून लेबलपर्यंत : स्वतंत्र रेकॉर्ड कसं निघतं

अमरावतीचा सौरभ अभ्यंकर, म्हणजे रॅपर '१००आरबीएच', वऱ्हाडी बोलीत रॅप करतो आणि मुंबईच्या 'स्वदेसी' या गटाचा भाग आहे. त्या गटाचा 'चेतावनी' हा अल्बम २०२० मध्ये दिल्लीच्या 'आझादी रेकॉर्ड्स'ने काढला. हे लेबल २०१७ मध्ये सुरू झालेलं, छोटं, स्वतंत्र. अकोल्याच्या जुन्या शहरात बसून असं काही करता येईल का, असं आपण विचारत असाल, तर येतं. त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. प्रत्येक टप्प्यावर काय घडतं, ते मात्र ठाऊक हवं.

पुस्तकाला जसा प्रकाशक, तसं ध्वनिमुद्रणाला लेबल. आपल्या कामावर ते पैसा आणि वेळ लावतं, ते लोकांपुढे नेतं आणि उत्पन्नात वाटा घेतं. छोट्या लेबलमागे बहुधा एक-दोनच माणसं असतात.

पहिला टप्पा मुद्रणाचा. पत्र्याचं छत, गल्लीतल्या दुचाक्या आणि उन्हाळ्यात कूलरची घरघर, हे आपल्याकडचे तीन मोठे अडथळे. कूलर बंद करून दुपारी बसवत नाही, म्हणून पहाटेची वेळ धरा. भिंतींना गाद्या-गोधड्या लावल्या की खोलीचा घुमारा बराच कमी होतो.

मुद्रण वेव्ह फाईलमध्ये, २४ बिटवर करा. एमपी३ मध्ये आवाजातला तपशील कापला जातो. पातळी दाखवणारी पट्टी शून्याला टेकली की आवाज फाटतो, म्हणून सगळ्यांत मोठा आवाजही उणे ६ डेसिबलच्या आत ठेवा. प्रायोगिक संगीतात फाटलेला आवाज हवासा वाटतो, हे खरं. पण चांगला आवाज नंतर मुद्दाम फाडता येतो. मुळात फाटलेला पुन्हा सांधता येत नाही.

बाहेरचे आवाज घ्यायचे, तर जुन्या शहराइतकी श्रीमंती थोड्याच ठिकाणी असेल. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन राजराजेश्वराकडे कावडी येतात, तेव्हाचा ढोलांचा गजर नुसता ऐकूनच अंगावर काटा येतो. तो घेताना ढोलापासून दूर उभे राहा. एखाद्या पथकाचं वादन वापरणार असाल, तर वादकांची लेखी परवानगी घ्या. कलाकाराला आपल्या सादरीकरणावर कायद्याने ५० वर्षं हक्क असतो, आणि 'लोककला तर सगळ्यांचीच' म्हणून गरीब वादकाचा हक्क डावलणं मला अजिबात पटत नाही.

जुन्या कॅसेटचा तुकडा वापरायचा, तर परवानग्या दोन लागतात : एक गीत-संगीताच्या मालकाची, दुसरी त्या ध्वनिमुद्रणाच्या मालकाची. बहुतेक जण एकच घेतात आणि पुढे अडकतात.

मग मिश्रण, म्हणजे वेगवेगळे आवाज एकमेकांच्या आड येणार नाहीत असे बसवणं. ते हेडफोनवर, मोबाईलवर आणि एखाद्या ऑटोतल्या स्पीकरवरही ऐकून पाहा.

आता लेबलला लिहा. त्यांनी आधी काय काढलंय ते ऐका, दोन-तीन रचनांची लिंक द्या आणि आपण कोण, कुठले, हे चार ओळींत सांगा. एकच मजकूर पन्नास ठिकाणी पाठवला, तर तो वाचणाऱ्याला लगेच कळतो.

होकार आला की करार. सगळ्यांत जास्त नुकसान इथेच होतं, कारण आनंदाच्या भरात कागद वाचला जात नाही.

एका गाण्यात दोन मालमत्ता असतात. एक रचना, म्हणजे शब्द आणि चाल. दुसरी 'मास्टर', म्हणजे प्रत्यक्ष मुद्रण. आपण स्वतः पुढाकार घेऊन, स्वतःच्या खर्चाने मुद्रण केलं असेल, तर मास्टर आपलं. लेबलला ते कायमचं देऊन टाकायचं की काही वर्षांपुरतं वापरायला द्यायचं, हा कराराचा गाभा. छोट्या लेबलशी ठरावीक मुदतीचा करार मागायला संकोच नको.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचं हस्तांतरण लेखीच हवं. मुदत लिहिली नसेल, तर ती ५ वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल, तर फक्त भारत. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना मोठा आधार दिला : रॉयल्टीतला त्यांचा समान वाटा करारानेही काढून घेता येत नाही. 'सर्व हक्क कायमचे, जगभर' असं वाक्य दिसलं, तर थांबा आणि वकिलाला दाखवा. आणखी एक : लेबलचा खर्च आधी वळता होणार असेल, तर कोणता खर्च आणि किती मर्यादेपर्यंत, ते आकड्यांत लिहून घ्या.

गटात चौघे असाल, तर आपसातली वाटणीही त्याच आठवड्यात कागदावर आणा. मैत्रीत कसला कागद, असं म्हणणारे गट पहिल्याच रकमेवरून तुटतात.

त्यानंतर मास्टरिंग, म्हणजे शेवटचा हात. हे काम दुसऱ्या कानांकडे द्या. आवाज उगाच चढवू नका. स्पॉटिफाय सगळ्या गाण्यांचा जोर साधारण एकाच पातळीवर आणतं, त्यामुळे दाबून मोठं केलेलं गाणं तिथे उलट चपटं वाटतं.

प्रत्येक मुद्रणाला आयएसआरसी हा १२ अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक लागतो. तो लेबल किंवा वितरक देतो. वितरक म्हणजे गाणं सगळ्या ॲपवर पोचवणारा मधला दुवा. इथे नावाचं लेखन सगळीकडे एकसारखं ठेवा. एकदा 'वऱ्हाडी', एकदा 'वर्‍हाडी' असं झालं, की ॲप दोन वेगळे कलाकार समजून बसू शकतं.

प्रकाशनाची तारीख निदान महिनाभर पुढची धरा. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं सुचवायला कमीत कमी ७ दिवस आधी अर्ज करावा लागतो. प्रायोगिक कामासाठी बँडकॅम्प मला जास्त उपयोगी वाटतं : तिथे ऐकणारा थेट विकत घेतो आणि डिजिटल विक्रीवर ते सहसा १५ टक्के घेतात.

शब्द-चाल आपली असेल, तर 'आयपीआरएस' या १९६९ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेचं सभासदत्व घ्या. रचनेची रॉयल्टी गोळा करून ती सभासदांना वाटते. लेबलकडून येणारे पैसे वेगळे, हे वेगळे.

लेबलचा हिशेब आला की प्रत्येक ओळीतला आयएसआरसी आपल्या यादीशी ताडून पाहा. एखादं गाणं सुटलं असेल, तर फोनवर न बोलता ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा.