पिकअपची पायरी घेताना चमक नको, ब्रॅकेट बघा! खराब रस्त्यावर टिकणारी साइड स्टेप कशी निवडायची?

शेणवा (ता. शहापूर) : शेणवा, डोळखांब, किन्हवली, सरळगाव, धसई, टोकावडे या पट्ट्यात पिकअप म्हणजे नुसती माल वाहायची गाडी नाही. भेंडी-काकडी बाजारात पोहोचवायची, भाताची पोती गिरणीवर टाकायची, वीटभट्टीचा माल उचलायचा आणि रात्री-अपरात्री पाड्यावरच्या आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचं, ही सगळी कामं हीच गाडी करते. गाडी उंच असते. लुगडं नेसलेल्या आजीला किंवा डोक्यावर ओझं असलेल्या बाईला त्यात चढणं सोपं नसतं. म्हणून नवी गाडी दारात आली की मालक आधी साइड स्टेप, म्हणजे आपली पायरी, बसवून घेतो.

घोळ होतो तो इथेच. दुकानात चकचकीत दिसणारी पायरी पहिल्या पावसाळ्यात गंजते, खड्ड्यांनी तिचे बोल्ट ढिले होतात आणि गाडी चालताना ती खडखड वाजायला लागते. मग एक दिवस पोतं घेतलेल्या माणसाने पाय ठेवला की ब्रॅकेट तुटतं. पायरी तुटली तर नुकसान लोखंडापुरतं राहत नाही. माणूस ओझ्यासकट खाली येतो, कंबर नाहीतर पाय मोडतो आणि हंगामाची मजुरी बुडते. त्यामुळे पायरी ही सजावट समजून घेऊ नये, ती कामाची वस्तू आहे.

आधी ठरवा, पायरी कशासाठी हवी

बाजारात साधारण तीन प्रकार मिळतात. पहिला गोल पाइपचा. पाइप वाकवून त्यावर पाय ठेवायला रबरी किंवा प्लास्टिकचे तुकडे बसवलेले असतात. दिसायला दणकट असतो, पण पाय ठेवायला जागा कमी आणि चिखलात गोल पाइपवरून चप्पल सटकते. दुसरा प्रकार सपाट फळीचा. यात पूर्ण पाऊल मावतं, म्हणून म्हातारी माणसं, बायका, मुलं यांच्यासाठी हाच बरा. मात्र वरचा पत्रा किंवा प्लास्टिक पातळ असेल तर मध्येच दबतं.

तिसरा प्रकार स्लायडरचा. जाड पाइप किंवा चौकोनी सेक्शन थेट चॅसीला पक्का बसवलेला असतो. दगडावर किंवा बांधावर गाडी घासली तर दरवाजाखालचा पत्रा वाचवणं हे त्याचं मुख्य काम. जंगलवाटेने, ओढ्यातून गाडी काढणाऱ्यांना, फोर बाय फोर पिकअप असणाऱ्यांना तो उपयोगी पडतो. पण तो जड असतो आणि पाय ठेवायला नेहमी सोयीचा नसतो. रोज डांबरी रस्त्याने भाजी नेणाऱ्याला त्याची गरज नाही.

लोखंड, स्टील की ॲल्युमिनियम?

साधं लोखंड, म्हणजे एमएस, सगळ्यात स्वस्त आणि दुरुस्तीला सोपं. वाकलं तर कुठल्याही वेल्डिंगच्या दुकानात सरळ होतं. रंग गेला की मात्र गंजतं. स्टेनलेस स्टील गंजाला जास्त दाद देत नाही, पण त्यातही प्रकार आहेत. ३०४ दर्जाच्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२ दर्जाच्या स्टीलमध्ये निकेल कमी असतं, त्यामुळे ते स्वस्त पडतं आणि ओलाव्यात लवकर डागाळतं. लोहचुंबक लावून हा फरक कळेल असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. २०२ आणि ३०४ या दोन्हींना चुंबक जवळजवळ चिकटतच नाही. म्हणून दुकानदाराकडून बिलावर दर्जा लिहून घ्यावा.

ॲल्युमिनियम हलकं असतं आणि लोखंडासारखं गंजत नाही. पण जोरात दगड लागला तर ते वाकतं किंवा चिरतं, आणि त्याचं वेल्डिंग गावात सहसा होत नाही. ॲल्युमिनियमची फळी लोखंडी ब्रॅकेटवर थेट बसवली की पावसाचं पाणी मध्ये साचून दोन धातूंच्या जोडावर ॲल्युमिनियम पोखरलं जातं. मध्ये रबरी किंवा नायलॉनचा वॉशर टाकला तर हे टळतं.

जाडी हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. पत्र्याचा गेज जितका लहान तितकी जाडी जास्त. १६ गेज म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर, १४ गेज म्हणजे २ मिलिमीटर आणि १० गेज म्हणजे सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास. जाडी डोळ्यांनी कळत नसेल तर काटा वापरा. ५० मिलिमीटर व्यासाचा, दीड मीटर लांबीचा लोखंडी पाइप २ मिलिमीटर जाडीचा असेल तर त्याचं वजन साडेतीन किलोच्या आसपास भरतं. तोच ३ मिलिमीटरचा असेल तर सव्वापाच किलोच्या आसपास. "जाड माल आहे" असं दुकानदार म्हणत असेल आणि काटा वेगळं सांगत असेल, तर काट्यावर विश्वास ठेवा.

खरी ताकद ब्रॅकेटमध्ये

गिऱ्हाईक पाइप बघतं, पण पायरी मोडते ती ब्रॅकेटपाशी. ७० किलोचा माणूस ५० किलोचं पोतं घेऊन चढला की एका पायावर १२० किलो येतात. तो दणका देऊन चढला तर ताण आणखी वाढतो. पायरी चॅसीपासून जितकी बाहेर, तितकी ब्रॅकेटच्या मुळाशी ओढ जास्त. २० सेंटीमीटरच्या जागी पायरी ४० सेंटीमीटर बाहेर गेली की त्याच वजनाने ओढ दुप्पट होते. पहार लांब असली की दगड सहज उचकटतो, तसाच हा प्रकार.

म्हणून प्रत्येक बाजूला किमान तीन ब्रॅकेट असलेली पायरी घ्यावी. डबल कॅबिनच्या गाडीला लांबी जास्त लागते, तिथे चार असतील तर उत्तम. ब्रॅकेटच्या कोपऱ्यात तिरका आधार, म्हणजे त्रिकोणी पट्टी, दिलेली असावी. वेल्डिंग चारी बाजूंनी पूर्ण फिरवलेलं असावं, नुसते टाके मारलेले नसावेत.

ब्रॅकेट बसवायचं ते चॅसीला, केबिनच्या पत्र्याला नाही. पिकअपची केबिन चॅसीवर रबराच्या बुशांवर बसलेली असते, त्यामुळे खराब रस्त्यावर केबिन आणि चॅसी वेगवेगळी हलतात. पायरीचं एक टोक चॅसीला आणि दुसरं केबिनला अडकवलं तर या ओढाताणीत पत्रा फाटतो.

किती उंच, किती बाहेर?

पायरी गुडघ्याच्या खाली आली तर चढणं सोपं जातं. पण ती फार खाली गेली तर बांधावर, मोरीच्या कडेला किंवा ओढ्यातल्या दगडाला टेकते. माप रिकाम्या गाडीवर घेऊ नका. माल भरला की पाटे दबतात आणि गाडी खाली बसते. म्हणून भरलेल्या गाडीवर जमिनीपासूनचं अंतर मोजावं. चढण संपून उतार लागतो तिथे गाडीचा मधला भाग आधी टेकतो, हेही लक्षात घ्यावं.

पायरी बाहेरच्या बाजूला केबिनच्या रेषेपलीकडे जाऊ नये. म्हशाच्या जत्रेत किंवा आठवडे बाजाराच्या गर्दीत बाहेर आलेलं लोखंडी टोक माणसाच्या पोटरीला नाहीतर जनावराच्या पायाला लागतं. पाइपचं टोक उघडं, धारदार ठेवू नये. ते आत वळवून बंद केलेलं असावं.

चिखल आणि गंज

आपल्याकडे जून ते सप्टेंबर गाडी चिखलातच असते. पायरी आणि केबिनच्या खालच्या कडेत हात जाईल एवढी फट हवी. ती नसेल तर तिथे चिखल भरतो, आठवडाभर ओला राहतो आणि पायरीच्या आधी केबिनचा पत्रा सडतो.

पाइप आतून गंजतो हे बाहेरून दिसत नाही. त्यामुळे पाइपच्या खालच्या बाजूला पाणी निघायला दोन-तीन छोटी भोकं असावीत. पावडर कोटिंग चांगलं, पण एकदा दगडाने टवका उडाला की त्याखाली गंज पसरत जातो. टवका दिसला की घासून रेड ऑक्साइड आणि वर रंग लावून टाकावा. पाय ठेवायच्या जागी गुळगुळीत पत्र्याऐवजी चेकर प्लेट किंवा भोकांचा, दातेरी पत्रा घ्यावा. भोकांतून चिखल खाली पडतो आणि ओली चप्पल सरकत नाही.

गॅरेजात बसवताना हे होऊ देऊ नका

चॅसीला नवीन भोक पाडू देऊ नका आणि वेल्डिंग तर मुळीच नको. भोकाने आणि उष्णतेने चॅसी त्या जागी कमजोर होते. पुढे भरलेली गाडी घाटात असताना तिथेच तडा जाऊ शकतो. चॅसीला आधीपासून असलेल्या भोकांत बसेल अशीच पायरी आपल्या मॉडेलनुसार निवडावी.

वेल्डिंगचं काम असेल तर पायरी गाडीवरून काढून खाली करावं. एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-६ गाड्यांमध्ये सेन्सर आणि इलेक्ट्रॉनिक कंट्रोल आहेत. गाडीवरच वेल्डिंग केलं तर ते जळण्याचा धोका असतो. चॅसीलगत ब्रेकचे पाइप, डिझेलची लाइन आणि वायरिंग जातं. बोल्टखाली यातलं काही दबलं नाही ना, हे मालकाने स्वतः वाकून बघावं. बोल्टवर ८.८ चा आकडा कोरलेला असावा आणि नट नायलॉनच्या रिंगचे असावेत, म्हणजे धक्क्यांनी लवकर सुटत नाहीत. जॅक लावायची जागा पायरीने झाकली जाऊ नये. आणि साध्या पायरीखाली जॅक लावून गाडी कधीही उचलू नये.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पुढे लावायचे क्रॅश गार्ड, बुल बार बेकायदा असल्याचं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलं आहे. त्यामुळे साइड स्टेपसोबत "गार्ड फुकट" अशी ऑफर असेल तर ती नाकारणंच शहाणपणाचं. नव्या माल वाहतूक गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस लागतं. कंपनीची ॲक्सेसरी, चॅसी न कापता बसवलेली आणि बिल जवळ असलेली पायरी असेल तर तपासणीत बोलायला आधार राहतो.

याहून महत्त्वाचं कलम १२३ चं. चालत्या गाडीच्या पायरीवर, टपावर किंवा बॉनेटवर माणूस नेता येत नाही. चालकाने नेऊ नये आणि माणसानेही उभं राहू नये, असं कायदा दोघांना सांगतो. भट्टीच्या मजुरांना किंवा लग्नाच्या वऱ्हाडाला पायरीवर लटकवून नेणं आपल्याकडे नवं नाही. पण झाडाची फांदी, समोरून येणारा डंपर किंवा एक खड्डा पुरेसा असतो.

विम्याचंही तसंच. माल वाहतुकीच्या गाडीत मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत माणूस असेल तर विमा कायद्यात त्याला जागा आहे. मात्र अशा गाडीतून फुकट नेलेल्या प्रवाशांच्या भरपाईची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ च्या निकालात स्पष्ट केलं आहे. म्हणजे अपघात झाला तर भरपाई मालकाच्या खिशातून, वेळ आली तर जमीन विकून.

पैसे देण्याआधी एवढं तपासा

- पायरी आपल्याच मॉडेलची आहे का, चॅसीच्या मूळ भोकांत बसते का?
- प्रत्येक बाजूला किमान तीन ब्रॅकेट आणि त्यांना तिरका आधार आहे का?
- वेल्डिंग पूर्ण फिरवलेलं आहे का?
- वजन काट्यावर करून पाहिलं का?
- स्टीलचा दर्जा आणि वॉरंटी बिलावर लिहिली आहे का?
- पाणी निघायला भोकं आणि चिखल धुवायला फट आहे का?
- बसवल्यावर धडधाकट माणूस मधोमध उभा करून पाहिला का? पायरी दबून तशीच राहिली तर ती परत करा.

बसवल्यानंतर पंधरा दिवसांनी सगळे बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत. प्रत्येक नट-बोल्टवर रंगाची एक आडवी रेघ मारून ठेवली तर तो फिरला की लगेच दिसतं. त्यानंतर पावसाळ्याआधी एकदा आणि गणपती झाले की एकदा, गाडी धुऊन ब्रॅकेटचे कोपरे बॅटरीच्या उजेडात बघावेत. केसाएवढी चीर दिसली तरी त्या पायरीवर कुणालाही चढू देऊ नये. दुरुस्तीला जातो अर्धा दिवस. मोडलेला पाय मात्र अख्खा हंगाम घरी बसवतो.