हैदराबादेत टेनिस शिकला, पुढं काय? पुरुष खेळाडूच्या वर्षाचा हिशेब

नांदेड-देगलूर असो की बिदर-जहीराबाद, पोराला टेनिसमध्ये पुढं न्यायचं म्हटलं की आपल्या भागातली नजर हैदराबादकडं जाते. सानिया मिर्झा तिथलीच. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये लिएंडर पेससोबत दुहेरी खेळलेला विष्णुवर्धन सिकंदराबादचा. पण शिकणं वेगळं आणि त्यावर पोट भरणं वेगळं.

एटीपी रँकिंग म्हणजे ५२ आठवड्यांचं पासबुक. आज जमा झालेले गुण वर्षभरानं आपोआप वजा होतात. जागा टिकवायची तर तेवढे पुन्हा कमवायचे.

सगळ्यात खालची पायरी आयटीएफची १५ हजार डॉलरची स्पर्धा. आकडा मोठा वाटतो, पण तो सगळ्यांत वाटला जातो. एकेरी जिंकणाऱ्याला २,१६० डॉलर आणि १५ गुण. पहिल्याच फेरीत हरला तर गुण शून्य, आणि तिकीट, हॉटेल, रॅकेटच्या तारा खिशातून. त्याच्यावर चॅलेंजर, मग एटीपी २५०, ५००, १००० आणि ग्रँड स्लॅम.

खरा पैसा पहिल्या शंभरात. ग्रँड स्लॅमला थेट प्रवेश साधारण तिथपर्यंतच मिळतो. २०२४ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये पहिल्या फेरीत हरणाऱ्यालाही १ लाख २० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर होते, म्हणजे ६० लाखांच्या वर! उलट सप्टेंबर २०२३ मध्ये देशात एकेरीत अव्वल असलेल्या सुमित नागलनं खात्यात ९०० युरोच उरल्याचं सांगितलं होतं. पाच महिन्यांनी त्यानं चेन्नईची चॅलेंजर जिंकली, १०० गुण घेतले नि पहिल्या शंभरात आला. ते गुणही पुढच्या फेब्रुवारीत पासबुकातून गेलेच.

हंगाम फिरतो कसा? जानेवारीत ऑस्ट्रेलिया, मार्चमध्ये अमेरिका, मग युरोपची लाल माती, जूनमध्ये गवत, ऑगस्टअखेर परत अमेरिका, नंतर चीन-जपान. आपल्याकडं एटीपी २५० ची एकच स्पर्धा होती. ती २०१७ पर्यंत चेन्नईत, २०१८ पासून पुण्यात बालेवाडीला. २०२३ नंतर तीही गेली. २०२४ आणि २०२५ मध्ये फेब्रुवारी-मार्चात चेन्नई, बंगळूर, पुणे, दिल्ली इथं चॅलेंजर झाल्या. रँकिंग कमी असलेल्या देशी पोरांना आयोजकांकडून थेट प्रवेश, म्हणजे वाइल्ड कार्ड, मिळण्याची संधी याच आठवड्यांत. यात हैदराबाद नाही. म्हणजे शिकलेल्या गावात राहून वरचे गुण मिळत नाहीत, बॅग भरावीच लागते.

तेव्हा अकादमीत नुसती फी विचारू नका. वर्षात किती आठवडे बाहेर, कोच सोबत येणार का, आणि त्याचं तिकीट कोण काढणार, हेही विचारून घ्या.