आधी चोच पाहा, मग पाय

उरणचे पाणजे असो, अलिबागजवळची आक्षी असो वा एखाद्या खाजणाचा बांध, नुसत्या पांढऱ्या रंगावरून बगळा ओळखू नका. लहान बगळ्याची चोच आणि पाय काळे, पण बोटे पिवळी. उडताना ती ठळक दिसतात. गाय बगळ्याची चोच पिवळी, मान आखूड. मोठ्या बगळ्याच्या चोचीचा रंग विणीच्या काळात बदलतो, म्हणून त्याच्या जिवणीची रेघ पाहा. ती डोळ्याच्याही मागे जाते. वंचक बसलेला असताना मातकट, चिखलात हरवणारा. उडाला की पंख पांढरेशुभ्र. खडकावरचा गडद राखाडी, पांढऱ्या गळ्याचा तो समुद्र बगळा. त्याचे पांढरे रूपही असते, तिथे घाई नको.

मोठ्या रोहिताची चोच गुलाबी, टोक काळे. लहानाची गडद लाल, दुरून काळीच भासणारी. शेकाट्या लांब गुलाबी पायांवरून लगेच कळतो. हिवाळ्यात काळ्या आणि तपकिरी डोक्याच्या कुरवांची डोकी पांढरीच असतात. प्रौढांचे डोळे पाहा, तपकिरीचे फिकट, काळ्याचे गडद. भरती चढताना जा. चिखल बुडतो तसे पक्षी काठाकडे सरकतात.