ओटीतल्या हरभऱ्याचं सुंडल

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला दोन-चार घरी जाऊन आलं, की ओटीतले भिजवलेले हरभरे वाटीभर तरी जमतात. पुणतांब्यात दुसऱ्या दिवशी त्यांची उसळ ठरलेली: कांदा, लसूण, काळा मसाला आणि वर तर्रीदार रस्सा. मी त्यांचं सुंडल करते.

सुंडल म्हणजे तमिळ घरांतली कोरडी उसळ. तिकडे नवरात्रात पायऱ्यांवर बाहुल्या मांडून कोलू सजवतात. बघायला आलेल्या बायकांना हळदकुंकू, विडा आणि सुंडल देतात. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर वाटाण्याचं सुंडल कैरी-खोबरं घालून विकतात. म्हणजे आपल्या आंबेडाळीचं गणगोतच! मी ते पहिल्यांदा खाल्लं शिर्डीत राहणाऱ्या एका तमिळ अम्मांकडे. साईनगर शिर्डीचा रेल्वे फाटा आमच्या पुणतांब्यालाच फुटतो, चेन्नईची गाडीही इथूनच जाते. तिकडची माणसं आम्हाला परकी नाहीत.

हरभरा गावरानच घ्यावा. काबुली दिसायला छान, पण गोदाकाठच्या काळ्या रानातल्या बारीक, तपकिरी हरभऱ्याची चव त्याला नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे विजय, दिग्विजय हे वाण इकडे शेतकऱ्यांच्या तोंडी असतात. फाल्गुनात खळं झालेला नवा माल लवकर शिजतो. जुना हरभरा हट्टी असतो.

ओटीतले नसतील तर वाटीभर हरभरे रात्रभर भिजवा, पाण्यात चमचाभर मीठ टाका. मिठाने साल मऊ पडतं. बोअरचं पाणी जड असेल तर पिण्याचं पाणी वापरा, कारण पाण्यातल्या चुन्यामुळे दाणा कडक राहतो. कुकरला पाच-सहा शिट्ट्या पुरतात. दाणा बोटांत सहज चिरडला पाहिजे, पण अख्खा राहिला पाहिजे. मग चाळणीत पूर्ण निथळा. खालचं पाणी ओतू नका, त्याचं सार फक्कड होतं.

मसाल्याला दोन चमचे धणे, एक चमचा हरभरा डाळ आणि तीन सुक्या मिरच्या मंद आचेवर भाजून भरड कुटायच्या. कढईत तेल तापलं की मोहरी तडतडू द्या, मग चमचाभर उडीद डाळ. आपण फोडणीत ती सहसा घालत नाही, आणि खरी गंमत तिच्यातच आहे. पांढरी डाळ आधी गुलाबी होते, खमंग वास सुटतो, आणि पुढच्या काही क्षणांत ती काळी पडते. गुलाबी दिसताच हिंग, भरपूर कढीपत्ता, किसलेलं आलं आणि लगेच हरभरे टाकायचे. दाणे कोरडे होऊन चकाकायला लागले की कुटलेला मसाला भुरभुरायचा आणि मीठ चाखून घालायचं. गॅस बंद केल्यावर मूठभर ओलं खोबरं आणि चैत्र असल्याने किसलेली कैरी. आंबट शेवटीच, आधी घातलं तर दाणा शिजत नाही.

“कांदा नाही, लसूण नाही, ही कसली उसळ?” आत्याबाईंनी पहिल्या दिवशी विचारलं होतं. आता त्याच कैरी किसायला बसतात. डब्यात द्यायचं असेल तर मात्र खोबरं वगळा. उन्हाळ्यात ते दुपारपर्यंत आंबतं.