संगणकाचे पाणी : पंप कोणता, टाकी केवढी?

पाणी आणि वीज एकमेकांपासून दूर ठेवावीत, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मग कट्ट्यातला एखादा तरुण चित्रपटाच्या संकलनासाठी घेतलेल्या संगणकाच्या पेटीत नळ्या जोडून पाणी खेळवू लागला, तर घरातले आजोबा गप्प कसे बसतील? "अरे, पानी आनि लाइट एकाच पेटयेत? डोक्या ठिकाणार आसा मां तुझा?" असे ते विचारणारच. आणि त्यांचे काही चुकले, असे मला वाटत नाही. आंब्याच्या हंगामात हाती आलेले पैसे त्या पेटीत गेलेले असतात. पाण्याचा एक थेंब भलत्या जागी पडला, की ते गेले.

तरी ही कल्पना वेडेपणाची नाही. आय.बी.एम. कंपनीने १९८० साली जाहीर केलेले ३०८१ हे मोठे गणकयंत्र पाण्यानेच थंड ठेवले जाई. २०१९ साली पुण्याच्या आयसर संस्थेत 'परम ब्रह्म' हा महासंगणक बसला, तोही पाण्यावरच थंड होतो. कारण साधे आहे. हवेपेक्षा पाणी कितीतरी जास्त उष्णता उचलून नेते. घरगुती संगणकात मुख्य प्रोसेसर आणि चित्रे काढणारे ग्राफिक कार्ड भरकामाच्या वेळी मिळून ४०० वॅटपर्यंत उष्णता सहज सोडतात, म्हणजे शंभर-शंभर वॅटचे जुने चार दिवे एका पेटीत लावल्यासारखे. या भागांवर तांब्याचे पोकळ ठोकळे बसवतात. त्यांतून पाणी जाते, तापते, पंखे लावलेल्या रेडिएटरमध्ये निवते आणि परत येते. नुसती पत्रे लिहिण्यासाठी व हिशेबासाठी संगणक घेतला असेल, तर मात्र या भानगडीत पडू नये. चांगला पंखा पुरतो.

आता पंप. विहिरीवरचा पंप घ्यायला गेलो, की दुकानदार दोन गोष्टी विचारतो : हेड किती आणि डिस्चार्ज किती? येथेही तेच दोन प्रश्न आहेत, पण हेडचा अर्थ थोडा बदलतो. विहिरीतून पाणी वर चढवायचे असते आणि ते वरच राहते. संगणकातले पाणी मात्र बंद वेटोळ्यात फिरते. ते जेवढे चढते तेवढेच उतरते, म्हणून उंचीचा हिशेब आपोआप फिटतो. (पहिल्यांदा पाणी भरताना तेवढे पंपाला ते माथ्यापर्यंत ढकलावे लागते.) उरते ती घासणी. तांब्याच्या ठोकळ्यातल्या बारीक खाचा, वाकलेल्या नळ्या, अरुंद जोड यांतून पाणी रेटण्यासाठीच हेड लागते. ठोकळे आणि वळणे जितकी अधिक, तितके हेड अधिक हवे.

बाजारात दोन जातींचे पंप सर्रास दिसतात. दोन्ही मूळचे लाईंग या जर्मन कंपनीचे आणि १२ व्होल्टवर चालणारे. डी-५ जातीचा पंप कागदावर तासाला सुमारे दीड हजार लिटर पाणी देतो आणि त्याचे हेड चार मीटरच्या आसपास असते. पण हे दोन आकडे एका वेळी कधीच मिळत नाहीत. हेड पूर्ण लागले, की पाणी थांबते. पाणी पूर्ण सुटले, की हेड उरत नाही. डी.डी.सी. जातीचा पंप आकाराने लहान. तो जोर थोडा अधिक लावतो, पण स्वतः जास्त तापतो आणि त्याचा आवाजही बारीक, कानाला लागणारा असतो. जागा असेल तर डी-५ घ्यावा आणि तो मधल्या वेगावर चालवावा, असे माझे मत आहे. पूर्ण वेगाने फारसे साधत नाही. हिशेबच करू. ४०० वॅट उष्णता आणि मिनिटाला ४ लिटर पाणी असेल, तर एका फेरीत पाणी जेमतेम दीड अंश तापते. प्रवाह दुप्पट केला, तर पाऊण अंश. त्या पाऊण अंशासाठी रात्रभर घरघर ऐकण्यात काय मतलब? उलट प्रवाह मिनिटाला एक लिटरवर आला, तर पाणी पावणेसहा अंश तापते. तेव्हा फार कंजूषीही नको.

टाकीविषयी सर्वांत मोठा गैरसमज असा, की टाकी मोठी तर थंडावा जास्त. एक लिटर पाणी एक अंशाने तापायला ४०० वॅटला साडेदहा सेकंद पुरतात. म्हणजे पेटीत लिटरभर पाणी जास्त ठेवले, तर तापण्याला थोडा उशीर होईल, इतकेच. अर्ध्या तासाच्या कामानंतर दोन्ही संगणक सारखेच गरम. उष्णता बाहेर टाकतो तो रेडिएटर. पैसे तेथे घालावेत. टाकीला पाव लिटर पुष्कळ झाले.

मग टाकी हवीच कशाला? आपल्याकडे रहाटाचे पाणी पन्हळीतून डोणीत पडते आणि तेथे निवळून पाटाला लागते. टाकीचे काम त्या डोणीसारखेच आहे. फिरणाऱ्या पाण्यातले बुडबुडे तेथे वर येऊन सुटतात. म्हणून परतीची नळी पाण्याच्या पातळीखाली सोडावी, नाहीतर धारेबरोबर नवी हवा आत जाते. पाणी तापून फुगते, त्यासाठी वर थोडी मोकळी जागा ठेवावी.

आणि टाकी नेहमी पंपाच्या वर. फूटव्हॉल्व गळका असला, की मोटर फिरते पण पाणी येत नाही. मग आपण कळशीने पाणी ओतून पंप भरतो. हा छोटा पंपही स्वतःहून पाणी ओढत नाही. शिवाय त्याचे बेअरिंग पाण्यानेच वंगणले जाते, तेव्हा थोडा वेळही कोरडा फिरला तर बिघडतो. टाकी आणि पंप जोडूनच येणारा संच घेतला, तर ही चिंता बरीचशी मिटते.

पाणी कोणते? विहिरीचे नको, उकळून गाळलेलेही नको. त्यातले क्षार तसेच राहतात. डिस्टिल्ड पाणी घ्यावे आणि त्यात गंजरोधक व शेवाळरोधक औषध घालावे. पारदर्शक टाकी उन्हाच्या खिडकीत ठेवली, तर शेवाळ धरणारच. ॲक्रिलिकची टाकी स्पिरिटने पुसू नये, तिला तडे जातात. ठोकळे तांब्याचे असतील तर रेडिएटर ॲल्युमिनियमचा घेऊ नये. एकाच पाण्यात दोन धातू आले की ॲल्युमिनियम झिजू लागते.

कोकणच्या दमट हवेत नळ्यांना घाम सुटेल का, हा प्रश्न रास्त आहे. खोलीतल्या हवेने निवणारे पाणी खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही, त्यामुळे दव धरत नाही. पण मे महिन्यात कोणी टाकीला बर्फ लावला, तर बाहेरून थेंब जमतील, आणि ते कोठे पडतील याचा भरवसा नाही.

वीज गेली तर पंप आणि संगणक बरोबरच थांबतात, त्यात धोका नाही. संगणक चालू असताना पंप एकटा बंद पडला, तर प्रोसेसर आधी आपला वेग कमी करतो आणि मग स्वतःच बंद होतो. तरी पंपाच्या फेऱ्या मोजणारी तार मदरबोर्डला जोडून इशारा लावून ठेवावा.

जोडणी झाली, की पहिले २४ तास फक्त पंपाला वीज द्यावी. बाकी सर्व भागांच्या तारा काढलेल्या असाव्यात. प्रत्येक जोडाखाली कोरडा टिपकागद ठेवावा, आणि दुसऱ्या दिवशी तो आजोबांना पाहायला द्यावा.